ओलावा कोणाच्या यंत्रावर मोजायचा?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव,
जिल्हा नियोजन समिती, बुलढाणा

विषय : शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांसाठी संगणक घेताना प्रोसेसरची निवड कशी व्हावी, याबाबत.



खामगावात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. हे पत्र मी खुर्चीला लिहितोय, खुर्चीवर आज कोण बसलंय त्यांना नाही. साहेब दोन-तीन वर्षांत बदलतात, त्यांच्या काळात घेतलेलं मशीन सात-आठ वर्षं राहतं, आणि शेवटी ते माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं.

आधी एक कबुली. मी इंटेलचीही मशीनं विकतो आणि एएमडीचीही. गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते ‘आय-फाइव्ह द्या’ म्हणतच शिरतं, त्यामुळे नावाच्या मालावर मला दोन पैसे जास्त सुटतात. तेव्हा पुढे जे लिहितोय ते माझ्या धंद्याच्या सोयीचं नाही, एवढं ध्यानात घ्यावं.

गेल्या एप्रिलात घाटाखालच्या एका शाळेत गेलो होतो. पत्र्याचं छत, दुपारचे दोन. टेबलावर दोन लॅपटॉप. एक कोण्या दात्याने दिलेला, त्यावर ‘आय-सेव्हन’चं चकचकीत स्टिकर. दुसरा साधा, ‘आय-थ्री’. सर म्हणाले, ‘भाऊ, सातवाला हेडमास्तरच्या खोलीत ठेवला, तीनवाला पोरायले देला. पण पोरायचाच जास्त पयते. काहून?’

मी दोन्ही उलटे करून पाहिले. हेडमास्तरांचा होता आय७-७५००यू, म्हणजे २०१६ सालचा. आत दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. मुलांचा होता आय३-१२१५यू, २०२२ सालचा, सहा कोअर. त्यात दोन मोठे, चार लहान. सहा वर्षांत चिपच्या आतली मांडणी पार बदलून गेली होती, पण कंपनीने स्टिकरवरचे तीन, पाच, सात हे आकडे तेच ठेवले. हे आकडे एकाच वर्षाच्या मालाची आपसातली उतरंड सांगतात. २०१६ चा सात आणि २०२२ चा तीन यांची तुलना त्यांनी होत नाही. एका वर्षी वर्गात पहिला आलेला चौथीतला मुलगा आणि दुसऱ्या वर्षी तिसरा आलेला दहावीतला, यांचं तसंच.

वर आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा मायक्रोसॉफ्टने थांबवला, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चढत नाही. हेडमास्तरांचा ‘सात’ सातव्या पिढीतला. म्हणजे स्टिकर कितीही चकचकीत असो, त्याची गाडी फाटकापाशीच थांबलेली. मी सरांना एवढंच म्हटलं, ‘पोरांचा पोरांपाशीच राहू द्या.’

यात इंटेल खोटं बोलली असं मी म्हणत नाही, आणि एएमडीवाले धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. त्यांच्याकडची दोन नावं पाहा : रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू. मधे एका आकड्याचा फरक. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली, दोन्ही ‘रायझेन फाइव्ह’. पहिल्यात चार कोअर आणि झेन २ ही २०१९ साली बाजारात आलेली रचना. दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३, म्हणजे त्यानंतरची पिढी. त्या मालिकेत रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात दडवलेली असते. हे कोण्या सरपंचाला, कोण्या मुख्याध्यापिकेला ठाऊक असणार? ठाऊक असावं अशी अपेक्षा तरी का करायची?

गंमत म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने याच मुद्द्यावर एएमडीची टिंगल करणारी एक पुस्तिका काढली. जुना माल नव्या नावाने विकता, असा तिचा सूर. त्यावर लोकांनी इंटेललाच आरसा दाखवला, कारण पिढीचा आकडा वाढवून जवळपास जुनीच चिप पुढे करण्याची सवय त्या घरातही होती. पुस्तिका गुपचूप मागे घेतली गेली. दोन सासवांच्या भांडणात सुनेला घरातल्या खऱ्या गोष्टी कळतात, तसं आम्हा दुकानदारांचं झालं.

आता सोयाबीनकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

खामगावच्या किंवा मलकापूरच्या बाजार समितीत दिवाळीच्या सुमाराला उभं राहिलं की एकच वाद ऐकू येतो. शेतकरी म्हणतो, माल वाळवून आणला, ओलावा बाराच्या आत आहे. घेणारा आपलं यंत्र पोत्यात खुपसतो आणि म्हणतो, सोळा. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली तेव्हाही भांडण मिटलं नाही, कारण ते आकड्याचं नव्हतंच. यंत्र कोणाचं, ते कोणी जुळवलं, कोणत्या पोत्यात खुपसलं, याचं ते भांडण. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रोसेसरच्या बाजारात मात्र आपण सगळे, शिकले-सवरलेले आणि सरकारी शिक्का हातात असलेलेही, विकणाऱ्याच्या यंत्रावरचा आकडा मुकाट्याने मान्य करतो.

त्या बाजाराचा इतिहास थोडा सांगतो. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी काढला तेव्हा त्यात इंटेलची चिप होती, आणि एकाच पुरवठादारावर सगळी मदार नको म्हणून आयबीएमला दुसरा बनवणारा हवा होता. त्यातून इंटेलची रचना बनवायचा परवाना एएमडीला मिळाला. म्हणजे ही स्पर्धा जन्मली तीच एका शहाण्या गिऱ्हाइकाच्या आग्रहातून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घेणारा मोठा असेल आणि त्याने नीट मागितलं तर बाजार वाकतो.

पुढे शर्यत लागली ती गिगाहर्ट्झची. ६ मार्च २००० ला एएमडीने एक गिगाहर्ट्झची अॅथलॉन जाहीर केली, दोनच दिवसांनी इंटेलने पेंटियम ३. त्याच वर्षीच्या ऑगस्टात इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारातून परत बोलवावा लागला. घाईत ताणला होता, कामात अडखळत होता. नोव्हेंबरात पेंटियम ४ आला. त्याच्या घड्याळाचे ठोके जलद, पण एका ठोक्यात काम कमी, कारण आतली साखळी लांबलचक केली होती.

वावरात पेरणी चालू असते तेव्हा बैल मिनिटाला किती पावलं टाकतात हे मोजून किती पेरलं ते कळतं का? पाभर किती फणांची आहे तेही पाहावं लागतं. गिगाहर्ट्झ म्हणजे पावलं. फणांचा हिशेब खोक्यावर छापत नाहीत.

एएमडीला हे लोकांना समजावता येईना. मग त्यांनी २००१ साली नवीच शक्कल काढली. चिप चालायची १.५३ गिगाहर्ट्झवर आणि नाव ठेवलं ‘१८००+’. सांगायचं असं की ही अठराशेवाल्याच्या तोडीचं काम करते. हेतू बरा असेलही, पण मोजणारे तेच आणि विकणारेही तेच. मी त्या काळात दुकान टाकण्याच्या तयारीत होतो, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी उघडत होते, आणि दहा-दहा मशीनच्या ऑर्डरी ‘पेंटियम फोरच पाहिजे’ अशा यायच्या. कशाला पाहिजे ते कोणी सांगायचं नाही.

याच्या मागे काय चाललं होतं ते नंतर कोर्टात निघालं. पेंटियम ४ चा वेग जास्त दिसावा म्हणून चाचण्यांवरच प्रभाव टाकला, असा दावा अमेरिकेत ग्राहकांनी इंटेलवर लावला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०१४ मध्ये तडजोड केली, आणि तिथल्या ज्या गिऱ्हाइकांनी त्या काळात ते मशीन घेतलं होतं त्यांना १५ डॉलर मागता आले. चौदा वर्षांनी पंधरा डॉलर! आपल्याकडे कोणी त्याची बातमीही वाचली नाही.

दुसरं प्रकरण याहून बारीक आहे. आपण जी सॉफ्टवेअरं वापरतो ती चिपला समजेल अशा भाषेत उतरवण्यासाठी एक साधन लागतं, त्याला कंपायलर म्हणतात. इंटेलचाही एक कंपायलर आहे, आणि फार चांगला आहे. त्यातून तयार झालेलं सॉफ्टवेअर चालू होताना चिपला आधी नाव विचारायचं. इंटेल असेल तर जवळची वाट, नसेल तर लांबची, मग त्या दुसऱ्या चिपला जवळच्या वाटेने जाण्याची ताकद असो वा नसो. २०१० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात इंटेलला हे गिऱ्हाइकांना उघड सांगण्याचं मान्य करावं लागलं. चाचणीचं सॉफ्टवेअर जर अशा कंपायलरमधून आलं असेल, तर तुलनेचा आकडा नाव विचारूनच निघाला, असं म्हणावं लागेल.

कचेरीच्या कामासाठी मशीनचा वेग मोजणारी ‘सिसमार्क’ नावाची चाचणी आहे. ती ठरवणाऱ्या संघात चिप बनवणाऱ्या कंपन्याही सभासद. २०११ मध्ये एएमडी, एनव्हिडिया आणि व्हीआयए त्यातून बाहेर पडल्या. एएमडीची तक्रार अशी की चाचणीत आमच्या जमेच्या बाजूला वजनच दिलेलं नाही. तक्रारीत दम होता. पण याच एएमडीने त्या सुमारास ‘आठ कोअर’ म्हणून बुलडोझर चिपा विकल्या, ज्यांत दोन-दोन कोअर काही भाग वाटून वापरत होते. त्यावरही दावा लागला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटला. तेव्हा कोणाचीही बाजू घेऊन भांडायचं कारण नाही. दोन्ही व्यापारी आहेत आणि दोन्हींच्या खिशात आपापलं ओलाव्याचं यंत्र आहे.

मग उपाय काय? उपाय पुण्यात सापडतो, आणि तो आपल्याच मुलखातल्या माणसापासून सुरू होतो.

डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याची चिप इंटेलची नव्हती. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते, कारण अनेक चिपा एकमेकींना जोडून एकच काम करवून घ्यायचं होतं आणि ते ट्रान्सप्युटरना जमत होतं. पुढच्या परमांमध्ये सनची स्पार्क आली, २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर, २००८ च्या परम युवामध्ये इंटेलची झिऑन, २०२० च्या परम सिद्धीमध्ये एएमडीची एपिक आणि एनव्हिडिया. तीस वर्षांत पाच-सहा घरं बदलली. सी-डॅकवाल्यांना कोणत्याही कंपनीशी सोयरीक जोडायची नव्हती, कामाशी जोडायची होती.

महासंगणकांची जी जागतिक यादी वर्षातून दोनदा निघते, तीही एकाच कसोटीवर लागते : समीकरणांचा एक मोठा संच किती लवकर सुटतो. परम सिद्धी नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता. अभिमान वाटावा असंच आहे. पण यादीतला क्रमांक पाऊस सांगत नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांची कसोटी वेगळी आहे, आणि मला तीच खरी वाटते. त्यांच्याकडे २०१८ पासून ‘प्रत्युष’ होता, इंटेलच्या झिऑन चिपांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ आला, एएमडीच्या एपिक चिपांचा. हवामानाचं जे गणित प्रत्युषवर सुमारे दहा तास घ्यायचं, ते अर्कवर चार तासांत होऊ लागलं. आणि मे २०२५ पासून पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढता येऊ लागला. लगेच ‘एएमडी जिंकली’ असं म्हणू नका. दोन्हींमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे आणि अर्कमध्ये एकूण यंत्रणाच मोठी आहे. गंमत इतकीच की दोन्हींच्या चिपांचे गिगाहर्ट्झ जवळपास सारखे आहेत, २.१ आणि २.३. कोणी निविदेत फक्त गिगाहर्ट्झ लिहिले असते तर दोन्ही मशीनं एकसारखी ठरली असती!

‘दहा तासांचं काम चार तासांत.’ साहेब, असं एक वाक्य आपल्या जिल्ह्याच्या संगणक खरेदीच्या फाइलमध्ये हवं. आपलं काम, आपलं घड्याळ.

आणि आपला उन्हाळा. इथे मला जरा जास्त लिहू द्या, कारण हे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन हवांचा आहे. बुलढाण्यात आपल्या बंगल्याच्या अंगणात एप्रिलच्या संध्याकाळी वारा सुटतो. त्याच वेळी मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडे भिंतीला हात लावला तर चटका बसतो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या यासाठीच. मुलांना सुट्टी मिळते, ग्रामपंचायतीतल्या मशीनला मिळत नाही.

चिप साधारण १०० अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे ती स्वतःच आपला वेग कमी करून घेते, जळू नये म्हणून. उष्णता बाहेर फेकली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. चाचण्या ज्या खोल्यांत होतात तिथे २४ अंश धरा. फरक पडतो ७६ अंशांचा. आपल्या पत्र्याच्या खोलीत ४४ अंश. फरक उरतो ५६. म्हणजे तोच पंखा, तीच हीटसिंक, पण बाहेर जाणारी उष्णता सुमारे पाव हिश्श्याने कमी. खामगाव-शेगाव पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत असतात, ते पंख्यात जाऊन बसतात. एका वर्षाच्या लॅपटॉपमधून मी वळकटी करता येईल एवढी रुई काढलेली आहे. तेव्हा पाव हिश्श्याचा तोटा पुढे अर्ध्यावर जातो, असा माझा अनुभव.

आता त्या आय-थ्रीच्या खोक्यावर काय लिहिलेलं असतं? ‘४.४ गिगाहर्ट्झपर्यंत’. या ‘पर्यंत’वर माझा राग आहे. भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा जिल्हा ऐकतो. तिथे निदान पाऊस कमी-जास्त, पीक साधारण, असं मोकळेपणाने सांगतात. खोक्यावरच्या ‘पर्यंत’मध्ये ते किती वेळ, कोणत्या हवेत, हे नसतं. त्या चिपची ठरलेली भूक १५ वॅटची, पण दम लावला की ती थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत खाऊ शकते. तेवढा थोडा वेळ म्हणजे खोक्यावरचा वेग. मग लॅपटॉपची बॉडी जेवढं सोसेल तेवढ्यावर ती येऊन बसते. चाचणी दोन मिनिटांची असेल तर तो दम मोजला जातो. आपल्या कचेरीत मशीन सकाळी दहाला सुरू होतं आणि सहाला बंद.

माझ्या टेबलावरचं निरीक्षण असं : पहिल्या मिनिटाला बऱ्याचदा इंटेलची बारावी-तेरावी पिढी पुढे असते, विसाव्या मिनिटाला सहा कोअरचा रायझेन बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. पण एकच चिप दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये टाका, फरक याहून मोठा दिसेल. एकात तांब्याची जाड नळी आणि मोठा पंखा, दुसऱ्यात पातळ बॉडी आणि टिचभर पंखा. चिपचं नाव वाचून घोडा कळतो, खोगीर कळत नाही.

विजेचंही तेच. २००४-०५ साली मी जे पेंटियम ४ जोडले त्यांतल्या काहींची एकट्या प्रोसेसरची भूक ८९ वॅटची होती. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा छोटा प्रोसेसर ६ वॅटच्या हिशेबाने बनवलेला आहे. टायपिंग, दाखले, मुलांचे व्हिडिओ एवढं काम त्यावर आरामात होतं. ज्या शाळेचं वीजबिल भरायला वर्गणी काढावी लागते आणि दुपारी लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वर्ग चालतो, तिथे दहा मुलांना दहा एन१०० दिलेले मला आवडतील. दोन ‘आय-सेव्हन’ कुलपात ठेवलेले आवडणार नाहीत. हे माझं मत आहे, यावर आपले तांत्रिक अधिकारी वाद घालू शकतात आणि घालावा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझ्याकडे ‘मशीन हळू चालते’ म्हणून जेवढी येतात, त्यांतल्या निम्म्यांत प्रोसेसरचा काही दोष नसतो. कुठे जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिथे एसएसडी टाकली की माणूस हात जोडतो. कुठे रॅमची एकच पट्टी टाकलेली असते, जिथे दोन टाकल्या तर चित्र काढणाऱ्या भागाला दुप्पट रुंद वाट मिळते. रायझेनला याचा फरक विशेष पडतो. आणि कुठे दाखल्यांचं सरकारी पोर्टलच बंद असतं. पोर्टल बंद असताना अर्कसारखा महासंगणक आणून ठेवला तरी दाखला निघणार नाही. हे दुकानात लोकांना समजावताना माझी अर्धी सकाळ जाते.

तर मागणं असं. निविदेत ‘आय-फाइव्ह किंवा तत्सम’ लिहिणं बंद व्हावं. ‘तत्सम’ कोण ठरवणार, हे लिहिलेलं नसतं, म्हणून शेवटी नावच जिंकतं. हा आजार आपल्याकडेच आहे असं नाही. २००४ साली युरोपीय आयोगाने जर्मनी आणि इटलीकडे, पुढे फ्रान्स, नेदरलँड्ससारख्या देशांकडेही विचारणा केली होती की सरकारी निविदांत इंटेलचं नाव किंवा नुसता गिगाहर्ट्झचा आकडा का घालता. त्याऐवजी काम लिहावं. समजा, मराठी युनिकोडमधली चाळीस पानांची फाइल उघडून पीडीएफ करणे, ब्राउझरच्या पंधरा खिडक्या, एक चालू व्हिडिओ, सोबत स्कॅनिंग; हे सगळं एकदा, आणि अर्ध्या तासाने मशीन तापलेलं असताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळी किती सेकंद लागले ते लिहायचं. निविदा भरणाऱ्याने नमुन्याचं एक मशीन द्यायचं आणि जे पास होईल, तेच मॉडेल, तीच रॅम, तोच पंखा पुरवायचा. नमुना एक आणि पुरवठा दुसराच, हे सोयाबीनच्या बियाण्यात आपण पुरेसं भोगलंय.

चाचणी घाटाखाली घ्यावी. आपल्या सभागृहात एसी आहे, तिथे घेऊ नये. आपल्याकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, शेगावचं तर १९८३ पासूनचं आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे काम द्यावं, त्यांचाही एक प्रकल्प होईल. आणि निकाल कोणता का असेना, इंटेल पुढे असो की एएमडी, तो तक्ता जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांच्या पंचायत समित्यांच्या फलकावर लावावा. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या पैशातून एक मशीन घेते तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारायला जागा नसते. तो आमच्याकडे येतो आणि आम्ही सांगू ते घेतो. आम्ही काय सांगतो ते वर कबूल केलंच आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. अर्ध्या तासाच्या चाचणीला लागतं एक घड्याळ, एक तापमापक आणि सही करणारी दोन माणसं. त्यातलं घड्याळ आणि तापमापक मी देतो.

माझ्या दुकानात सध्या सारख्या किमतीचे दोन लॅपटॉप मांडून ठेवले आहेत, एक या घरचा, एक त्या घरचा, स्टिकरांवर पांढरी पट्टी चिकटवून. आपल्या कचेरीतलं कोणी येणार असेल तर दुपारी दोननंतर यावं. कुलर मी बंद ठेवीन.

आपला,
खामगावचा एक संगणक दुरुस्तीवाला